खेळाचा संगणक घरी जोडताना : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा?

साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालविणारे आमचे एक स्नेही २०२४ च्या मे महिन्यात मुलाला घेऊन सांगलीस आमच्याकडे आले. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या हातात वहीचे एक पान होते आणि पानावर संगणकाच्या सुट्या भागांची यादी. स्नेही म्हणाले, "भाई, हा म्हणतो तयार संगणक नको. भाग आणून घरीच जोडतो. खेळायलाही होईल, कॉलेजच्या ड्रॉइंगलाही होईल. भिशीचे ५५ हजार हातात आहेत. पैसे पाण्यात जाऊ नयेत, एवढे तुम्ही बघा."

यादीची बेरीज ६६ हजार होती. वरच्या ११ हजारांचे काय, असे विचारता मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "चाचा, कार्डवर हप्ते होतात. बिनव्याजी." त्यावर त्याचे अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्यांना त्या ११ हजारांचीच चिंता अधिक आहे.

त्या दिवशी दोन तास बसून जी चर्चा झाली, तिचा उपयोग आमच्या अनेक वाचकांना होईल असे वाटल्याने ती येथे देत आहोत. कारण हा प्रश्न केवळ पोरांच्या खेळाचा नाही. जो संगणक खेळ चांगला चालवितो, तोच लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग, पत्रिकांचे डिझाईन, भरतकामाच्या यंत्राचे नमुने आणि घराचे नकाशेही चांगले चालवितो. आपल्या मोहल्ल्यातील किती तरी कारागिरांना आज अशा यंत्राची गरज आहे.

आधी आमची चूक

दुसऱ्याला सल्ला देण्यापूर्वी आमचीच चूक सांगणे बरे. २०२१ साली आम्ही दुकानाच्या हिशेबासाठी एक संगणक जोडून घेतला. प्रोसेसर चांगला घेतला, रॅम भरपूर घेतली. पण वीज पुरविणारा एसएमपीएस मात्र कोणत्याही नावाचा नसलेला, कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला वापरला. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज दोनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. दोन वर्षांची उधारीची वही त्या डिस्कमध्येच होती. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. कोणाकडून किती येणे आहे, हे आठवून आठवून लिहावे लागले आणि ज्यांनी स्वतः होऊन रक्कम सांगितली त्यांच्याच भरवशावर खाते पुन्हा उभे राहिले. वाचविले होते सुमारे अडीच हजार.

म्हणून मुलाची यादी पाहताना आमची नजर प्रथम एसएमपीएसवर गेली. तेथे लिहिले होते : दीड हजार. आणि खाली काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपुढे लिहिले होते : साडेपाच हजार. यूपीएसचे तर नावच नव्हते.

मिरजेचे कारागीर काय करतात?

मिरज येथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उचलला आणि नावारूपास आणला, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. या कारागिरांकडे थोडा वेळ बसले तर एक गोष्ट ध्यानात येते. पंढरपूर भागातून आलेला भोपळा आधी निवडला जातो. त्याच्या घेरावरून पुढचे माप ठरते. महागातला दांडा आणून लहान भोपळ्याला बसविला तर वाद्य होत नाही, नुसते सामान होते.

संगणकाचेही तसेच आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा सॉकेट एक असावा लागतो. एएमडी कंपनीच्या एएम-४ सॉकेटचा प्रोसेसर एएम-५ बोर्डात बसत नाही. डीडीआर-४ रॅम डीडीआर-५ च्या खाचेत जात नाही, कारण खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवलेली आहे. ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावली पाहिजे आणि त्याला लागणारी वीज एसएमपीएसने दिली पाहिजे. म्हणून खरेदीपूर्वी पूर्ण यादी एकदा कागदावर जुळवून पाहावी. एकेक भाग स्वस्त मिळाला म्हणून घेत जाऊ नये.

मुलाने ही जुळणी चांगली केली होती, हे सांगितले पाहिजे. रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, त्याला जुळणारा बी-५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या आणि आठ जीबी मेमरीचे आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि खेळ अधिक सुरळीत चालतो. एएम-५ सॉकेट २०२२ साली आला असून पुढे नवा प्रोसेसर बसविण्याची सोय त्यात अधिक आहे. परंतु त्याला डीडीआर-५ रॅमच लागते आणि एकूण खर्च वाढतो. ५५ हजारांत जुना एएम-४ घेणे हा व्यवहारी निर्णय होता.

कात्री कोठे लावली

आता हिशेब पाहा. मुलाच्या यादीत प्रोसेसर ११ हजार, मदरबोर्ड ८ हजार, रॅम साडेतीन हजार, ग्राफिक्स कार्ड २० हजार, एक टीबीची एसएसडी साडेपाच हजार, एसएमपीएस दीड हजार, कॅबिनेट साडेपाच हजार, मॉनिटर साडेनऊ हजार आणि कीबोर्ड-माऊस दीड हजार, असे ६६ हजार होत होते. आम्ही त्यात आधी भरच घातली. एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ प्रतीचा घ्यावा, म्हणून अडीच हजार वाढले. एक हजार व्हीएचा यूपीएस हवा, म्हणून साडेचार हजार वाढले. बेरीज ७३ हजारांवर गेली. मुलाचा चेहरा उतरला.

त्यानंतर आम्ही त्याला एकच नियम सांगितला. जे नंतर वाढविता येते त्यात काटकसर कर. जे बिघडल्यावर दुसऱ्याला घेऊन बुडते त्यात करू नको.

या नियमाने यादी पुन्हा वाचली. मॉनिटर नंतर घेता येतो. घरी दुकानाचा जुना मॉनिटर होता, साडेनऊ हजार वाचले. कीबोर्ड-माऊसही जुनाच, दीड हजार वाचले. काचेच्या कॅबिनेटऐवजी समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट दोन हजारांत मिळाले. त्यातून हवा उलट अधिक खेळते. एक टीबीऐवजी ५०० जीबीची एसएसडी घेतली, अडीच हजार वाचले; दुसरी एसएसडी बसवायला बोर्डावर जागा आहेच. मदरबोर्ड कमी सोयींचा, पण त्याच बी-५५० चिपसेटचा घेतला, एक हजार वाचले. बेरीज बरोबर ५५ हजार झाली.

हप्त्यांचा प्रश्न आपोआप मिटला. तरीही "बिनव्याजी हप्ते" याविषयी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच अस्तित्वात नाही. क्रेडिट कार्डावरील अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या नावाने ग्राहकाकडून वसूल होते. कधी ते रोखीची सवलत नाकारून वसूल केले जाते. दुकानदाराला "रोख दिले तर काय भाव?" एवढे विचारले की खरे काय ते कळते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने केवळ जाहिरातीच्या शब्दावर विसंबू नये.

स्वस्त तयार मालाचा मोह

येथे अनेकांना प्रश्न पडेल की बाजारात "आय-७, १६ जीबी, गेमिंग" असा फलक लावून १५-२० हजारांत संगणक मिळतात, ते का घेऊ नयेत? आय-७ हे प्रोसेसरच्या दर्जाचे नाव आहे, वयाचे नाही. २०११ सालचाही आय-७ असतो. पिढी कोणती, हे विचारल्याशिवाय आय-७ या शब्दाला किंमत नाही. विंडोज-१० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. आणि विंडोज-११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तो स्वस्त आय-७ घरी आणल्या दिवसापासूनच जुना. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ विंडोज-११ वर सुरक्षेच्या काही अटी पूर्ण असल्याखेरीज चालतच नाही.

जुन्या ग्राफिक्स कार्डांबाबतही जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस चालविलेली कार्डे एकदम विक्रीस आली. अशी कार्डे सगळीच वाईट नसतात. पण पंखा झिजलेला आणि उष्णता वाहणारा लेप वाळलेला असू शकतो. काही कार्डांत तर आतली माहिती बदलून हलक्या कार्डाला भारी नाव दिलेले असते. जुने कार्ड घेताना ते दुकानातच संगणकाला लावावे, जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम चालवून खरे नाव पाहावे आणि एखादा खेळ अर्धा तास चालवून पाहावा. सांगलीच्या बाजारात हळदीचे कांडे मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आपण बोली लावत नाही. येथेही तोच रिवाज ठेवावा.

आणखी एक खूण. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असेल तर त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच. रायझन ५ ५६०० चेही तसेच. ज्याला कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचे आहे त्याने ५६००-जी सारखा, आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा.

बिल, हमी आणि इनपुट क्रेडिट

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुणे असो की आपले सांगली-सातारा, पक्के जीएसटी बिल घेतल्याशिवाय एकही भाग घेऊ नये. बिल नको म्हटले की काही दुकानदार भाव थोडा उतरवितात. पण हमीचा दावा करताना खरेदीची तारीख दाखवायला बिलच लागते. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. एसएमपीएसवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण आहे का, तेही पाहावे.

भाव काही थोडा अधिक पडला तरी प्रोसेसर, बोर्ड आणि कार्ड शक्यतो जवळच्या दुकानातून घ्यावे. एखादा भाग पहिल्या आठवड्यात बंद पडला तर कुरियरच्या खेपा वाचतात आणि दुकानदार समोर असतो.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या संगणकाच्या कराचे इनपुट क्रेडिट मिळते. मुलाच्या खेळासाठी घेतलेल्याचे मिळत नाही. आमच्या स्नेह्यांनी बिल मुलाच्या नावाने केले. हिशेब साफ तर झोप साफ.

भाव सतत बदलतात, हेही सांगितले पाहिजे. वर दिलेले आकडे २०२४ चे आहेत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मेमरीला मोठी मागणी आली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणून यादी आमची वापरा, आकडे त्या दिवसाचे घ्या.

बापाचा धंदा मुलाच्या कामी

भाग घरी आले. जोडणीला आम्ही साताऱ्यास गेलो. मुलगा खोके फोडायला उतावीळ झाला होता, पण त्याचे अब्बा आधी मीटर घेऊन भिंतीतील प्लगपाशी बसले. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटरने ३० व्होल्ट दाखविले. हा आकडा दोन-तीनच्या वर जाऊ नये. स्नेही म्हणाले, "आज जोडणी नाही. गिऱ्हाइकाची मोटार का जळते ते मी तीस वर्षे बघतोय. माझ्याच घरात ते होऊ देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून अर्थिंगची पट्टी पुरली आणि नवी तार प्लगपर्यंत आणली. मीटर दोन व्होल्टच्या आत आला. तोपर्यंत वडिलांचा धंदा म्हणजे तांब्याची तार आणि वार्निशचा वास, एवढेच समजणारा तो मुलगा त्या दिवशी प्रथमच त्यांच्याजवळ बसून प्रश्न विचारत होता.

यूपीएसविषयीही थोडे सांगतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. हा संगणक मॉनिटरसह पूर्ण भाराला सुमारे ३०० वॅट ओढतो; म्हणून एक हजार व्हीएचा घेतला. यूपीएस खेळ पुढे चालविण्यासाठी नसून संगणक नीट बंद करण्यापुरता असतो. काही एसएमपीएस साध्या यूपीएसच्या विजेवर कुरकुर करतात. म्हणून लावून, वीज मुद्दाम बंद करून पाहावे. बिलाची धास्ती असेल त्यांच्यासाठी हिशेब : २५० वॅटप्रमाणे रोज तीन तास खेळल्यास महिन्याला सुमारे साडेबावीस युनिट होतात.

जोडणीत घाई नको

जोडणी स्वतः अवघड नाही. संयम मात्र लागतो. हात कॅबिनेटच्या धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. दाबावे लागत असेल तर काही तरी चुकते आहे असे समजावे. चार खाचा असतील तर दोन रॅमपट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. बोर्डाखालचे पितळी खुंट मोजून लावावेत.

सायंकाळी बटण दाबले. पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच. मुलगा घामाघूम झाला. अब्बांनी वाकून मागे पाहिले आणि विचारले, "ही तार कुठे लावलीस?" तार मदरबोर्डाला लावली होती, ती ग्राफिक्स कार्डाला लावताच चित्र आले. ही चूक नवख्यांकडून हमखास होते. त्याचप्रमाणे बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी पर्याय चालू करावा, नाही तर ३२०० वेगाची रॅम कमी वेगाने चालते. पुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोजमध्ये तो ६० वरच राहू शकतो. तेही बदलून घ्यावे.

सांगलीकरांना आमची वेगळी सूचना आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात संगणक जमिनीवर ठेवू नये. मॉनिटर, कॅबिनेट काहीच हलविता आले नाही तर एक स्क्रू काढून एसएसडी तरी खिशात घ्यावी. यंत्र पुन्हा मिळते, हिशेब मिळत नाही. यंत्रमागाच्या किंवा हळदीच्या धुळीत काम करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा जाळी झाडावी.

खेळ आणि पोट

आमच्या स्नेह्यांची शेवटची शंका खेळाविषयीच होती. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ आणि कौशल्याचे ई-स्पोर्ट्स यांत फरक आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकारांत स्थान दिले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मुलाच्या संगणकात पैसे मागणारा खेळ दिसला तर तो काढून टाकण्यास पालकांनी संकोच करू नये. वेळेची मर्यादा मात्र घरातच ठरवावी लागते. ती कोणत्याही बोर्डावर बसवून मिळत नाही.

त्या मुलाने गेल्या वर्षी ओळखीच्या एका फोटो स्टुडिओवाल्यांचा संगणक जोडून दिला. भागांवर त्याने नफा घेतला नाही. बिले थेट गिऱ्हाइकाच्या नावाने करविली आणि जोडणीची ठरलेली मजुरी घेतली. आमच्या मते या धंद्याची हीच योग्य रीत आहे. भागांवरील नफा ऑनलाइन विक्रीने केव्हाच पातळ केला आहे. खरी कमाई जोडणीत, दुरुस्तीत, साफसफाईत आणि गिऱ्हाइकाने पुन्हा बोलाविण्यात आहे. त्या स्टुडिओत गेल्यावर त्याने पिशवीतून पहिली वस्तू काढली ती अब्बांचा मीटर होता, असे स्टुडिओवाल्यांनीच आम्हाला सांगितले.

मॉनिटर त्याने त्याच मजुरीतून घेतला. हप्ते लागले नाहीत.